मातीची फेड

गेल्या श्रावणात सगळं गाव महमूदभाईंच्या शेतात घुसलं, त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. आजही नाही. पेणच्या खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण ज्यांनी खाडी फक्त पुलावरून पाहिली आहे, त्यांच्यासाठी सांगायला हवं.

इथली शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे उभा असतो तो मातीचा बांध. उधाण आलं आणि बांधाला खांड पडली, म्हणजे एखाद्या जागी बांध फुटला, की खारं पाणी आत शिरतं आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. म्हणून एक रीत पडून गेली आहे. खांड पडली की जवळात जवळच्या शेतातली माती उचलायची. शेत कोणाचं, पीक कुठवर आलंय, मालक घरी आहे का, काही विचारायचं नाही. विचारत बसलं म्हणून पाणी थांबत नाही. मात्र पाऊस सरून जमीन वाळली की घरटी एक माणूस यायचा आणि त्या शेतातला खड्डा भरून द्यायचा. तो भरेपर्यंत कोणी आपल्या शेताच्या कामाला हात लावायचा नाही. म्हातारे याला माती फेडणं म्हणतात. रीतीचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसऱ्या भागाची आठवण करून द्यावी लागते.

खांड पडली तेव्हा महमूदभाई गावात नव्हते. रोह्याजवळच्या वरशाला राहणाऱ्या लेकीकडे, सायराकडे गेले होते. परत येऊन पाहतात तो काय, बांधाला लागून असलेल्या त्यांच्या शेताच्या ऐन मधे पोकलेनने खणलेला भला मोठा खड्डा, आणि गुडघ्याएवढं झालेलं भात चिखलात गाडलेलं. दत्तात्रेय म्हात्रे बांधावर उभाच होता. त्यानेच पोकलेन आणलं होतं, त्यानेच पोरांना हाकारे घातले होते. महमूद आणि दत्ता एका पाटीवर शिकलेले, एका होडीतून चिंबोऱ्या पकडायला गेलेले. दत्ताने खाली बघत सांगितलं, "महमूद, तुझंच शेत जवळ होतं."

"मंग?" महमूदभाई म्हणाले. "बरोबर केलंस. माझ्या बापानं तुझ्या बापाच्या शेतातनं उचलली नव्हती?"

ते खरंच होतं. आणि पुढच्या चैत्रात सगळ्यांच्या आधी डोक्यावर पाटी घेऊन दत्ताच्या बापाच्या शेतात उतरला तोही महमूदभाईंचा बापच. हे ते त्या दिवशी बोलले नाहीत. माणसाने आपल्या मित्राला असल्या गोष्टी ऐकवायच्या नसतात, असं त्यांना वाटे. तो शहाणपणा त्यांना महागात पडायचा होता.

दिवाळी झाली. जमिनीला भेगा पडल्या. खड्ड्यातलं खारं पाणी तसंच होतं. दत्ताचा मुलगा निलेश धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून उरलेल्या वेळात गावाचं पुढारपण करायचा. त्याने खड्ड्याच्या कडेला पत्र्याची खोप उभी केली. बांधावर नजर ठेवायला, असं म्हणाला. बांधावर नजर ठेवणं वाईट म्हणायचं कसं? मग खोपीवर सौर दिवा लागला. मग एका सकाळी पाण्यात कोलंबीचं बी पडलं. पाणी आहेच तर रिकामं कशाला ठेवायचं, असा निलेशचा सरळ हिशेब. शेवटी तिथे एक पाटीही लागली: 'येथे गळ टाकण्यास सक्त मनाई आहे.' ज्याच्या शेतात खड्डा, त्यालाही ती मनाई होती की नव्हती, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर महमूदभाईंनी दत्ताकडे विषय काढला. "पोरं शिफ्टला असतात रे," दत्ता म्हणाला. "जरा थंडी पडू दे." संक्रांतीनंतर काढला. "गावकीची सभा लावू. सगळ्यांच्या तोंडानं होऊ दे." महमूदभाई हो म्हणाले. खड्डा पावसाआधी भरला असता, तर एक-दोन पावसाळ्यांच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन गेलं असतं आणि शेत पुन्हा शेत झालं असतं. नाही भरला, तर बापाने राखलेला तो तुकडा कायमचा खाडीचा झाला. तेवढंच त्यांचं मागणं होतं, आणि त्यात त्यांना फार मोठं काही मागतोय असं वाटत नव्हतं.

सभा माघाच्या शेवटच्या रविवारी ठरली. त्याच्या आधल्या आठवड्यात रोह्यात कॉलेजांची वादविवाद स्पर्धा होती, आणि त्यात सायराची मुलगी झोया बोलणार होती.

झोया बारावीला. बोलायला लागली की समोरच्याला हरल्यावरच कळायचं की आपण भांडत होतो. महमूदभाई तिच्या तयारीच्या दिवसांत एसटीने वरशाला गेले तेव्हा ती हातात कागद घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत होती आणि सायरा धुमसत कांदा चिरत होती.

"नाना, विषय ऐका," झोया म्हणाली. "दहशतवादाविरुद्ध दुसऱ्या देशात घुसून केलेली लष्करी कारवाई हे स्वसंरक्षणच होय. आणि मला चिठ्ठी आलीय बाजूने."

"हिच्या बापाला विचारा काय ते," सायरा स्वयंपाकघरातून कडाडली. अफान, तिचा नवरा, आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवायचा. "एक जण दुसऱ्याच्या मुलखात घुसून मारतो, दुसरा तिसऱ्यावर काढतो, नि सायरन ऐकत जिन्याखाली कोण बसतं? हिचा बाप. काल फोनवर काय म्हणाला, अब्बा? म्हणाला, दोन्हीकडचे टीव्हीवर हेच सांगतात, आम्ही आमचा जीव वाचवतोय. नि ही इथं टाळ्या घेणार."

"चिठ्ठी मी नाही लिहिली, अम्मी!"

"मंग नाय म्हणायचं."

"नाय म्हणून कसं चालेल? वकील काय चोरालाच विचारून घेतो का, तू चोर आहेस का म्हणून?"

महमूदभाई हसले. नातीची जीभ त्यांना आवडायची. तिने त्यांना आपली अडचण सांगितली. पुस्तकी मुद्दे होते. हल्ला झाला तर प्रत्येक देशाला स्वतःचं रक्षण करायचा हक्क आहे, हे होतं. शेजारच्या देशात दहशतवादी लपून बसले आणि तो देश त्यांना आवरत नसेल, किंवा त्याला ते आवरता येत नसतील, तर काय करायचं, हाही मुद्दा होता. "पण सगळं कोरडं वाटतं, नाना. सर म्हणतात, मातीतलं उदाहरण शोध."

मातीतलंच पाहिजे होतं, तर महमूदभाईंकडे होतं. त्यांनी तिला सगळं सांगितलं. उधाण कसं येतं, खांड कशी पडते, जवळच्या शेतात न विचारता का घुसतात. "समजा शेजाऱ्याच्या हद्दीतनं पाणी येतंय. तो झोपलाय, नायतर रोह्याला गेलाय, नायतर त्याला जमत नाय. मंग काय आपण बुडायचं? घुसायचं. त्यात पाप नाय. माझ्या शेतात घुसले, मी बोललो का काय?"

झोयाचे डोळे चमकले. ती भराभर लिहू लागली.

"पण थांब, अजून हाय," महमूदभाई म्हणाले. बोट वर करून, हळूहळू, तिला लिहून घेता येईल असं सांगत गेले. "घुसायचा हक्क कशानं येतो? फेडायच्या बोलीनं. पाणी थांबलं की बाहेर पडायचं, नि खणलेलं भरून द्यायचं. जो घुसला नि तिथंच बसला, त्यानं बांध नाय वाचवला, शेत घेतलं. हे शेवटी बोल. ह्याच्याबिगर पहिलं खरं नाय."

"वा, नाना!" झोया म्हणाली. मग तिने विचारलं, "तुमचा खड्डा भरला ना?"

इथे महमूदभाईंची चूक झाली. खोप, कोलंबी, पाटी, हे सगळं ओठावर आलं होतं. पण गावाची लाज रोह्यात कशाला काढायची? दत्ता म्हणजे परका थोडाच? उद्या सभा होईल, चैत्रात गाव उतरेल, मग आज नातीसमोर गावाला उघडं का पाडायचं? "भरतात गो," ते म्हणाले. "चैत्रात भरतात." आणि गावाच्या चांगुलपणाची हमी अशी त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिली.

स्पर्धेला ते दत्ताच्याच गाडीतून गेले. कारण निलेशची मुलगी किमया पेणच्या कॉलेजकडून बोलणार होती, आणि तिला चिठ्ठी आली होती विरोधातली. दोन्ही आजोबा पुढे-मागे बसून दोन्ही नातींवर पैजा लावत गेले. नागोठण्यापर्यंत हसण्याने गाडी दणाणत होती. खड्ड्याचं नाव कोणी काढलं नाही. किमया खिडकीला डोकं लावून पाठ करत होती.

सभागृहात पालकांना पुढची रांग दिली होती. निलेश मोबाईल धरून उभाच राहिला, दोन्ही पोरींचं शूटिंग करायचं म्हणून.

आधी किमया बोलली, आणि छान बोलली. "स्वसंरक्षण म्हणजे माझ्या दारात आलेल्याला रोखणं," ती म्हणाली. "पण दारापासून किती लांब गेलं की ते स्वसंरक्षण राहत नाही? शंभर मैल? हजार? उद्या येईल म्हणून आज मारलं, तर त्यालाही तेच म्हणायचं का? ज्या गावावर बॉम्ब पडतो तिथली आई कोणत्या कलमात बसते? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न. घुसणारा प्रत्येक जण सांगतो, काम झालं की निघतो. काम झालं हे ठरवतो कोण? घुसणाराच ना?" मुलांनी बाकं वाजवली. दत्ताने महमूदभाईंना कोपराने ढोसलं. महमूदभाईंनीही टाळ्या वाजवल्या. पोर बरोबर बोलत होती, मग कौतुक करायला काय जातं?

मग झोया उठली. कायद्याचे मुद्दे तिने भरभर संपवले आणि जरा थांबली. "आता तुम्हाला माझ्या आजोळी नेते," ती म्हणाली, आणि सभागृह शांत झालं. तिने खाडी उभी केली, उधाण उभं केलं. बांध फुटताना बायकांनी मारलेल्या हाका ऐकवल्या. महमूदभाई तेव्हा गावात नव्हते, तरी त्यांच्या अंगावर काटा आला. "समोर माझ्या आजोबांचं शेत होतं. आजोबा नव्हते. परवानगी मागायला वेळ नव्हता. गाव घुसलं! उभं पीक तुडवलं, जमीन खणली, बांध वाचवला. आजोबा परत आले. त्यांनी काय म्हणावं? ते म्हणाले, बरोबर केलंत! ज्याचं नुकसान झालं तो म्हणतो बरोबर केलंत, मग लांब बसलेले आपण कोण विचारणार, हद्द का ओलांडली?"

टाळ्या थांबेनात. दत्ता उभा राहून वाजवत होता. महमूदभाई मात्र बसून होते, जरा पुढे वाकून. आता ते यायचं होतं. आता ती म्हणणार होती, पण थांबा. पहिली घंटा झाली. झोयाने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, "म्हणून अध्यक्ष महोदय, जीव वाचवण्यासाठी ओलांडलेली हद्द हा गुन्हा नव्हे. ते स्वसंरक्षण आहे, स्वसंरक्षणच आहे!" आणि दुसऱ्या घंटेच्या आत ती वाकून नमस्कार करून खाली उतरलीसुद्धा.

महमूदभाईंना वाटलं, विसरली. लहान आहे, घाबरली असेल.

मग प्रतिपक्षाला एकेक प्रश्न विचारायची मुभा होती. किमया उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "वक्त्या म्हणाल्या की गाव त्यांच्या आजोबांच्या शेतात घुसलं," ती म्हणाली. "मला विचारायचंय, की त्यानंतर ते गाव..."

ती थांबली. तिची नजर पुढच्या रांगेत दत्तावर गेली, तिथून मोबाईल धरलेल्या बापावर गेली, आणि शेवटी महमूदभाईंवर येऊन जमिनीकडे वळली. खोपीला पत्रा चढवताना बापाला पाणी नेऊन देणारी तीच होती. उत्तर तिला पुरतं ठाऊक होतं. "माझा प्रश्न नाही," ती म्हणाली आणि बसली.

झोयाला पहिलं बक्षीस मिळालं. मातीशी नाळ असलेलं उदाहरण म्हणून परीक्षकांनी खास उल्लेख केला. महमूदभाईंनी बाहेर व्हरांड्यात तिला जवळ घेतलं, शाबासकी दिली आणि मग हळूच विचारलं, "शेवटचं राहिलं गो?"

झोया क्षणभर गोंधळली. "राहिलं नाही नाना, काढलं. प्रविण सर म्हणाले, ते बोललीस तर समोरच्यांच्या हातात आपण होऊन काठी देशील. आपली बाजू घुसण्याची आहे, निघण्याची नाही. निघायचं काय ते त्यांना बोलू दे." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "स्पर्धाच आहे ना, नाना."

"व्हय, स्पर्धाच हाय," महमूदभाई म्हणाले.

परत येताना वडखळला चहाला थांबले. दत्ता खुशीत होता. स्वतःची नात हरल्याचं त्याला काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. "महमूद, तुझी नात वकील होणार! काय बोलली रे! गावाचं नाव काढलं!" महमूदभाईंनी चहाचा पेला ठेवला. "रविवारी सभा हाय ना, दत्ता?" दत्ता म्हणाला, "हाय की. हाय हाय," आणि पैसे द्यायला उठला. निलेश मोबाईलवर झोयाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होता. तो गाडीत जाऊन बसल्यावर किमया महमूदभाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आजोबा, मी विचारणार होते," ती पुटपुटली.

"ठाव हाय."

"बाबा शूटिंग करत होते."

महमूदभाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्यावर रागवायचं तरी कसं? ज्या घरात राहायचं, जेवायचं, त्या घराविरुद्ध प्रश्न विचारायला त्यांनी स्वतः किती महिने लावले होते. आणि त्यांचं तर ते घरही नव्हतं.

रविवारी दुपार उतरल्यावर देवळाच्या सभामंडपात गाव जमलं. मंडपाच्या पायरीपाशी महमूदभाईंची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. ती त्यांनी घेतली. गणपतीच्या वर्गणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत प्रत्येक सभेत ते तिथेच बसत आले होते, आणि आपण इथे कोण असा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. सायरा आणि झोयाही त्या दिवशी आल्या होत्या. झोयाला बक्षिसाची ढाल नानांच्या घरी ठेवायची होती. दोघी जरा लांब, पिंपळाच्या पाराजवळ बायकांत उभ्या होत्या.

महमूदभाई उठले. थोडक्यातच बोलले. श्रावणात गावानं जे केलं ते रीतीनं केलं. आता फेडायचा महिना येतोय. घरटी एक माणूस आला तर दोन दिवसांचं काम. ज्यांना शिफ्ट असेल त्यांनी सुट्टीच्या दिवशी यावं, आपली काही घाई नाही, फक्त पावसाआधी व्हावं. जुनी माणसं माना हलवतील असं त्यांना वाटलं होतं. जुनी माणसं दत्ताकडे बघत होती.

पण उठला तो निलेश.

"चाचा, तुमचा मान हाय," तो म्हणाला. "पन खड्डा भरला नि उद्या परत खांड गेली तर? माती परत उचलायला मशीन परत आणायचं? आता तिथं खोप हाय, दिवा हाय, मानूस असतो. बांध राखला जातोय. गावाच्या जिवासाठीच हाय ना सगळं? नि हे मी नाय बोलत. तुमच्याच घरातनं बोलल्यात. ऐका."

त्याने गणपती मंडळाचा भोंगा मोबाईलला जोडला होता. आधीपासून जोडून ठेवला होता, हे महमूदभाईंच्या उशिरा लक्षात आलं. सगळ्या मंडपात झोयाचा आवाज घुमला. उधाण, बांध, बायकांच्या हाका. ज्या बायकांनी त्या दिवशी खरोखर हाका मारल्या होत्या, त्या पदराने डोळे पुसू लागल्या. "ज्याचं नुकसान झालं तो म्हणतो बरोबर केलंत, मग लांब बसलेले आपण कोण विचारणार?" मंडपात टाळ्या पडल्या. रोह्यातल्यापेक्षा जास्त पडल्या, कारण इथे त्या कामाला येणार होत्या.

"स्वसंरक्षणच आहे!" भोंगा म्हणाला, आणि थांबला.

"ते अर्धं आहे!" पारापासून झोया ओरडली. बायकांतून वाट काढत ती मंडपाच्या पायरीपर्यंत आली. हातात ढाल तशीच. "ते अर्धंच आहे, निलेशकाका! पुढे अजून होतं. मला नानांनी सांगितलेलं. घुसायचा हक्क फेडायच्या..."

"बाय," दत्ता म्हणाला. इतका वेळ गप्प बसलेला दत्ता फार मायेने बोलला. "तुझं भाषन आमी ऐकलं. झकास होतं. पन ही गावकीची सभा हाय. तू रोह्याची, पाव्हनी. पाव्हन्यांनी सभेत बोलायचं नसतं."

झोया आजोबांकडे बघत उभी राहिली. महमूदभाईंनी तिच्या वतीने काहीतरी बोलावं, म्हणून वाट पाहत होती. पण ते बोलणार काय? मीच शिकवलं, असं? अर्धं मी शिकवलं, दुसरं तिनं गाळलं, आणि खड्डा भरलेला नाही हे मीच तिच्यापासून लपवलं, असं? त्यांना दत्ताचा राग आला नाही, निलेशचाही आला नाही. स्वतःचा आला. मित्राची लाज राखता राखता त्यांनी आपल्या हाताने त्याला दाखला लिहून दिला होता.

सभेने ठरवलं, की बांधाच्या सुरक्षेसाठी खड्डा आणि खोप आहे तशी ठेवावी. शेत महमूदभाईंचंच, त्यात वाद नाही. शिवाय कोलंबी काढली की पहिली टोपली त्यांच्या घरी पोचवावी. हे सुचवलं दत्तानेच, आणि त्यावर खूपजण म्हणाले की दत्ताचं मन मोठं आहे. मग पाण्याच्या टाकीचा विषय निघाला.

महमूदभाई घरी गेले नाहीत. बांधावरून चालत शेतात आले आणि खड्ड्याच्या कडेला बसले. मागून झोया आली. तिचे डोळे सुजले होते. तिने ढाल गवतात टेकवून ठेवली.

"नाना, मला माहीत नव्हतं. तुम्ही म्हणालात भरतात."

"व्हय. मी म्हणालो."

ओहोटी लागली होती. बांधापलीकडे खाडीचा चिखल उघडा पडला होता. इकडे खड्ड्यातलं पाणी मात्र काठोकाठ. झोया उभी राहिली. सभागृहात उभी होती तशीच, हात मागे बांधून. आणि गाळलेलं सगळं तिने सुरुवातीपासून म्हटलं. घुसायचा हक्क फेडायच्या बोलीनेच येतो. पाणी थांबलं की बाहेर पडायचं. खणलेलं भरून द्यायचं. जो घुसला आणि तिथेच बसला त्याने बांध वाचवला नाही, त्याने शेत घेतलं. नानांनी सांगितलं होतं त्याहून तिने ते चांगलं रचलं होतं. त्यात सायरन ऐकत जिन्याखाली बसणारा तिचा बाप होता, आणि दोन्हीकडच्या टीव्हीवर तेच एक वाक्य बोलणारी माणसंही होती. हे तिने कधी लिहिलं होतं, कोणाला दाखवलं होतं, आणि कोणी काढायला लावलं होतं, ते महमूदभाईंना कळून चुकलं. शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज फुटला. तरी ती थांबली नाही.

"पाठ होतं गो तुला," ते म्हणाले.

"हो, नाना."

"चांगलं होतं. पहिल्यापरीस चांगलं." त्यांना तिला दुखवायचं नव्हतं, पण दुसरं काही तोंडातून निघेना. "पन आता घंटा झाली, बेटा."

खोपीचं दार वाजलं. निलेश बादली घेऊन बाहेर आला. दोघांना पाहून जरा चपापला, मग नेहमीसारखं हसला. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. कोलंबीच्या खाण्याची वेळ झाली होती, एवढंच.

"चाचा, जरा तिकडं सरकता का?" तो म्हणाला. "खाद्य टाकायचंय."

महमूदभाई गुडघ्यावर हात टेकून उठले. झोयाने त्यांना धरलं. आणि स्वतःच्या शेतात ते बाजूला सरकले.